नीलकंठशास्त्री गोरे यांचें धर्माध्ययन : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

एकाच पंडितानें एका मताचें मंडन करावें, आणि पुढें त्याच लेखणीनें त्या मताचें खंडन लिहावें, असें उदाहरण आपल्या शास्त्रवाङ्मयांत क्वचितच सांपडेल. वाचस्पति मिश्रांनीं सांख्य, न्याय, वेदान्त अशा निरनिराळ्या दर्शनांवर टीका लिहिल्या हें खरें; परंतु त्या त्या दर्शनाच्या कक्षेंत राहून त्यांनीं लिहिल्या. एका पक्षाहून उठून ते दुसऱ्या पक्षावर जाऊन बसले असें कोणी म्हणत नाहीं. काशीकर नीलकंठशास्त्री गोरे यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनीं इ. स. १८४४–४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचून ख्रिस्ती मताचें खंडन केलें. १८४८ त बाप्तिस्मा घेतला. आणि १८६० त 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध करून, ज्या दर्शनांच्या बळावर त्यांनीं पूर्वीं वाद केला होता त्यांचेंच खंडन लिहिलें. हे दोन ग्रंथ समोरासमोर ठेवले म्हणजे एका पुरुषाच्या अंतःकरणांत झालेला पूर्वपक्ष-उत्तरपक्ष वाचल्यासारखा होतो.

या लेखांत त्यांच्या धर्मांतराचें समर्थन किंवा निषेध आम्हांस कर्तव्य नाहीं. तें काम त्यांच्या हयातींतच दोन्ही बाजूंनीं पुष्कळ झालें. आमचा प्रश्न मर्यादित आहे. ज्याची बुद्धि काशीच्या पाठशाळेंत न्याय, व्याकरण यांच्या संस्कारानें घडली, त्यानें प्रॉटेस्टंट चर्चमध्यें शिष्यत्व पत्करून धर्मशास्त्राचें अध्ययन केलें, तें कोणत्या रीतीनें? सिद्धान्त बदलला हें उघड आहे. पण सिद्धान्ताप्रत जाण्याची रीत बदलली काय? गोऱ्यांविषयीं दोन समजुती सांगण्यांत येतात. एक अशी कीं, त्यांस स्वशास्त्राचें ज्ञान अपुरें होतें म्हणून ते परमतास वश झाले. दुसरी अशी कीं, एके दिवशीं त्यांस प्रकाश दिसला आणि मागील सर्व विद्या जीर्ण वस्त्राप्रमाणें गळून पडली. या दोन्ही समजुती त्यांच्या ग्रंथांपुढें टिकत नाहींत, असें आमचें मत आहे. तें कां, हें क्रमानें सांगतों.

(१) घराणें व काळ

गोरे हें चित्पावन घराणें. पेशवाईच्या उत्तरकाळांत जीं कोंकणस्थ व देशस्थ कुटुंबें बुंदेलखंडांत आणि काशीक्षेत्रांत जाऊन राहिलीं त्यांपैकींच हें एक. या घराण्याचा संबंध बांद्याच्या नबाबांच्या दरबाराशीं होता. आणि हे नबाब म्हणजे थोरल्या बाजीरावांचे मस्तानीपासून झालेले पुत्र समशेर बहादर यांचे वंशज, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नीलकंठशास्त्र्यांचा जन्म इ. स. १८२५ त, शके १७४६ त, झांशीजवळील काशीपुरा या गांवीं झाला. वाढले व शिकले मात्र काशींत. घरीं मराठी, बाजारांत हिंदी आणि पाठशाळेंत संस्कृत अशा तीन भाषांमध्यें त्यांचें बालपण गेलें. इंग्रजी त्यांनीं पुढें संपादन केलें. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण मुंबई-पुण्याकडील त्यांच्या समकालीनांचा क्रम याहून वेगळा होता. त्याविषयीं पुढें लिहूं.

(२) 'मतपरीक्षा' आणि तिचीं तीन उत्तरें

या सर्व प्रकरणाचें मूळ एका संस्कृत पुस्तकांत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरींत असलेले स्कॉटिश गृहस्थ जॉन म्यूर यांनीं १८३९ त 'मतपरीक्षा' नांवाचा पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. हेच म्यूर पुढें १८४४ त काशीच्या संस्कृत पाठशाळेचे मुख्य झाले, आणि मूळ संस्कृत वचनांचे पांच भागांचे संग्रह प्रसिद्ध करून युरोपांत नांवाजले. 'मतपरीक्षे'ची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. ती गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें लिहिलेली आहे : शिष्य प्रश्न करतो, गुरु उत्तर देतो, आणि शेवटीं ख्रिस्ती शास्त्र हेंच खरें शास्त्र असें ठरतें. म्हणजे परमत येथें आलें तें आपल्याच ग्रंथपद्धतीचा वेष घेऊन. सच्छास्त्र कोणतें हें ठरविण्यास म्यूर यांनीं तीन लक्षणें योजिलीं : प्रवर्तकाचें अलौकिक सामर्थ्य चमत्कारांनीं सिद्ध असावें, उपदेश पवित्र असावा, आणि तें शास्त्र एका जातीपुरतें किंवा देशापुरतें नसून सर्व मनुष्यांकरितां असावें.

लक्षण सांगितलें कीं पंडित स्वस्थ बसत नाहीं. त्यावर अव्याप्ति-अतिव्याप्तीचे दोष दाखविल्यावांचून त्यास अन्न गोड लागत नाहीं. 'मतपरीक्षे'स सहा वर्षांच्या आंत तीन संस्कृत उत्तरें निघालीं. पहिलें, १८३९ सालचें, 'मतपरीक्षाशिक्षा'. त्यावर कर्त्याचें नांव सोमनाथ असें आहे. परंतु माळव्यांतील सिहोर येथें लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयास असलेले महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू हेच ते सोमनाथ असावेत, असा तर्क रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १८३९–४५ च्या या वादावर १८८१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८१ त, व्हिएन्ना येथें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडला आहे. या उत्तराचा सूर सौम्य आहे : अधिकारभेदानें मार्गभेद असावयाचाच, ज्याचा त्याचा धर्म त्यास हितकर. दुसरें, कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन यांचें १८४० सालचें 'मतपरीक्षोत्तर'. याचा सूर कठोर व उपहासाचा आहे. तिसरें, आणि शास्त्रदृष्ट्या सर्वांत भारी, तें विशीच्या आंतबाहेर असलेल्या नीलकंठशास्त्र्यांचें 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'.

(३) 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'ची युक्ति

या ग्रंथाची मांडणी दुहेरी आहे. प्रथम ग्रंथकार परीक्षेचा अधिकारच नाकारतो. धर्म आणि अधर्म हे अतीन्द्रिय आहेत. तेथें प्रत्यक्ष पोंचत नाहीं, आणि प्रत्यक्षावर उभें असलेलें अनुमानही पोंचत नाहीं. तेव्हां शास्त्र हेंच तेथें प्रमाण. तर्कानें शास्त्राची परीक्षा करूं पाहणें म्हणजे ज्या काठीस टेंकून चालावयाचें तीच तोडून पाहण्यासारखें होय. तर्काचें काम शास्त्राच्या मागून चालण्याचें. पुढें धांवण्याचें नव्हे.

यानंतर तो अभ्युपगम करतो. बरें, तुम्हांस तर्कानेंच परीक्षा करावयाची आहे ना? मग ती प्रथम तुमच्या मताची करूं. येथून खरें खंडन सुरू होतें. एक मनुष्य जन्मांध, दुसरा राजपुत्र. पूर्वजन्म मानीत नाहीं म्हटलें तर या भेदाचें कारण काय? निष्कारण भेद करणाऱ्या ईश्वरावर विषमतेचा आणि निर्दयतेचा दोष येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांतील वैषम्यनैर्घृण्याधिकरण ज्यांच्या परिचयाचें आहे त्यांस ही युक्ति कोठून आली हें सांगणें नको. तेथें वेदान्त्यानें स्वतःच्या ईश्वरास ज्या दोषांतून कर्माच्या आधारें सोडविलें, तोच दोष शास्त्र्यांनीं येथें प्रतिपक्ष्याच्या ईश्वरावर ठेविला. आदिमानवाच्या पातकाचें फल सर्व मनुष्यजातीस भोगावें लागतें म्हटल्यास, एकानें केलें व दुसऱ्यानें भोगलें असें होतें, म्हणजे अकृताभ्यागम. पशूंस पाप नाहीं आणि परलोकही नाहीं, मग त्यांचें दुःख कशाचें फल? आणि शेवटीं, साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यांतील मर्यादित पापास अनंत नरक हा दंड कोणत्या न्यायानें?

हे आक्षेप वरवरचे नाहींत. यांतील शेवटचा आक्षेप तर खुद्द युरोपांतील ख्रिस्ती पंडितांसही त्याच शतकांत भंडावीत होता. स्वशास्त्राचें ज्ञान अपुरें असलेल्या मनुष्याच्या हातून असा ग्रंथ होत नाहीं. तेव्हां वर सांगितलेली पहिली समजूत येथेंच निरस्त होते.

(४) शिष्यत्व कसें आरंभलें

चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चमधील प्रॉटेस्टंट वळणाच्या लोकांनीं १७९९ त स्थापिलेली संस्था. तिचे काशी येथील पाद्री विल्यम स्मिथ यांच्याकडे नीलकंठशास्त्री जे प्रथम गेले ते शिष्य म्हणून नव्हे, तर प्रतिवादी म्हणून. रस्त्यावर उपदेश करणाऱ्या मिशनऱ्यांस निरुत्तर करावें हा हेतु होता. स्मिथ यांनीं या सर्व व्यवहाराची हकीकत 'द्विज' या नांवानें इंग्रजींत १८५० त प्रसिद्ध केली. तीवरून दिसतें तें असें कीं, वाद तोंडीं मिटला नाहीं. शास्त्र्यांनीं आपल्या शंका हिंदींत लेखी करून दिल्या, उत्तरें आलीं, त्यांवर पुनः शंका निघाल्या, वाचावयास बायबल व अन्य पुस्तकें मिळालीं. डोंगरावरील प्रवचन म्हणून मत्तयकृत शुभवर्तमानांत जो भाग आहे त्यानें त्यांचें चित्त प्रथम ओढलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या परंपरेंत शिष्य गुरूस शरण जातो, मग श्रवण करतो. शंका काढणें हें मननाचें अंग म्हणून त्यानंतर येतें. प्रॉटेस्टंट मताची घडण यास उलट आहे. त्या मतांत गुरूचें वचन प्रमाण नव्हे, ग्रंथ प्रमाण. इंग्लंडच्या चर्चनें १५७१ त कायम केलेल्या एकुणचाळीस कलमांपैकीं सहाव्यांत असा सिद्धान्त आहे कीं, तारणास जें आवश्यक तें सर्व पवित्र शास्त्रांत आहे, आणि जें तेथें नाहीं तें श्रद्धेचा विषय म्हणून कोणावर लादूं नये. म्हणून स्मिथ यांची भूमिका दीक्षागुरूची नव्हती. ग्रंथ हातीं देऊन बाजूस उभ्या राहणाऱ्या वाटाड्याची होती. नीलकंठशास्त्र्यांस हें जमलें, याचें कारण आमच्या मतें त्यांच्या 'विनिर्णयां'तच आहे. शब्दप्रमाण हेंच धर्माच्या बाबतींत श्रेष्ठ, तर्क त्याचा अनुचर, असें ज्यानें प्रतिज्ञेवर सांगितलें होतें, त्यास ग्रंथप्रामाण्य मानणारी मंडळी परकी वाटण्याचें कारण नव्हतें. शब्द बदलला, शब्दाचें प्रामाण्य बदललें नाहीं.

इ. स. १८४८ च्या मार्च महिन्याच्या १४ व्या तारखेस, शके १७६९ च्या फाल्गुन शुद्ध पक्षांत, जौनपूर येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. काशींत गलबला होईल म्हणून जौनपूर पसंत केलें. नांव नेहेम्या ठेविलें. यरुशलेमचा पडलेला कोट ज्यानें पुनः बांधला त्या जुन्या करारांतील पुरुषाचें हें नांव.

या अध्ययनाची किंमत कोणी दिली हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर इतिहास एकांगी होईल. ज्ञातीचा बहिष्कार हा ठरलेलाच होता. पत्नी लक्ष्मीबाई पुढें पतीकडे आली व तिनेंही बाप्तिस्मा घेतला. परंतु १८५३ त कन्येच्या जन्मानंतर लवकरच ती वारली. त्या कन्येचें, एलन लक्ष्मी गोरे हिचें, पालन इंग्रज कुटुंबांत झालें. पुढें तिनें इंग्रजींत रचलेलीं भक्तिगीतें त्या भाषेच्या उपासनासंग्रहांत आलीं, आणि १८८० त ती हिंदुस्थानांत परत आली. बाप पंडित, मुलगी इंग्रजी भाषेची कवयित्री, आणि दोघांच्या मध्यें घरगुती मराठीचा पूल नाहीं : वादग्रंथांच्या पानांवर ज्याची नोंद नसते असें हें दुःख आहे.

(५) विलायतेंतील अध्ययन

पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांचे पंडित म्हणून गोरे १८५४ त त्यांच्याबरोबर इंग्लंडांत गेले. तेथें लंडनच्या इस्लिंग्टन भागांत चर्च मिशनरी सोसायटीची पाठशाळा होती. १८२५ पासून तेथें मिशनऱ्यांस धर्मशास्त्राचें शिक्षण मिळत असे. त्या पाठशाळेंत गोऱ्यांनीं कांहीं काळ अध्ययन केलें. ऑक्सफर्ड येथें मॅक्समुल्लर यांची व त्यांची भेट झाली. त्या भेटीचें स्मरण मॅक्समुल्लर यांनीं आपल्या हिंदी मित्रांविषयींच्या आठवणींत नमूद केलें आहे. त्याचें तात्पर्य असें कीं, बायबल वाचून ख्रिस्ती झालेला हा मनुष्य ख्रिस्ती राष्ट्रांतील लोकांचें प्रत्यक्ष आचरण पाहून फार खिन्न झाला होता.

ही खिन्नता केवळ भावनेची नव्हती. म्यूर यांच्या तीन लक्षणांपैकीं दुसरें उपदेशाच्या पावित्र्याचें होतें. उपदेश पवित्र पण उपदेशाचें फल त्या राष्ट्रांत दिसत नाहीं, तर लक्षण कसें घटवावें? नैयायिकास असा व्यभिचार दिसल्यावर डोळ्यांआड करतां येत नाहीं. गोरे १८५५ त परतले ते मत टाकून नव्हे, तर प्रश्न अधिक खोल करून.

(६) 'षड्दर्शनदर्पण'

पुढील पांच वर्षांचें फळ म्हणजे 'षड्दर्शनदर्पण'. तो १८६० त निघाला, आणि १८६२ त फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञानें त्याचें इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. हॉल यांच्यासारख्या सांख्यग्रंथांचें संपादन केलेल्या पंडितास हा ग्रंथ भाषांतरास योग्य वाटला, यांतच त्याची योग्यता दिसते.

ग्रंथ हिंदींत आहे. पण त्याची चाल शास्त्राची आहे. प्रत्येक दर्शनाचें मत प्रथम त्याच्याच परिभाषेंत मांडलें जातें, पूर्वपक्षास शक्य तें बळ दिलें जातें, मग दोषाविष्करण. न्यायवैशेषिकांचे नित्य परमाणु, सांख्यांची प्रकृति, आणि सर्वांस समान असलेला अनादि कर्माचा सिद्धान्त यांवर क्रमानें हल्ला आहे. वैषम्याचें कारण कर्म, त्या कर्माचें कारण पूर्वजन्म, त्याचें पुनः कर्म, असें मागें मागें जात राहिल्यास प्रश्न सुटला असें होत नाहीं, तो केवळ मागें ढकलला जातो, हा त्याचा मुख्य आक्षेप आहे. वेदान्ताच्या प्रकरणांत पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या तीन सत्ता त्यानें घेतल्या आहेत. वस्तु आहे किंवा नाहीं. 'आहे' याचे तीन अर्थ करून एकानें ब्रह्म, दुसऱ्यानें जगत् आणि तिसऱ्यानें शुक्तिरजत सांभाळणें ही शब्दांची ओढाताण आहे, असें त्याचें म्हणणें.

'विनिर्णया'शीं हें ताडून पाहिलें म्हणजे दिसतें कीं, १८४४–४५ त ज्या कर्मसिद्धान्ताच्या आधारें त्यांनीं ख्रिस्ती ईश्वरावर वैषम्याचा दोष ठेविला, त्याच सिद्धान्तावर १८६० त त्यांनीं अनवस्थेचा दोष ठेविला. शस्त्रागार एकच, मोर्चा फिरलेला. प्रकाश पडला आणि मागील विद्या गळून गेली ही दुसरी समजूत येथें निरस्त होते. मागील विद्या गळून गेली असती तर हा ग्रंथ लिहितांच आला नसता.

येथें प्रतिपक्षाचाही न्याय केला पाहिजे. अद्वैत्यास या खंडनावर उत्तर नाहीं असें नव्हे. अनादित्व हा दोष नसून बीजांकुरन्यायानें तें भूषण आहे, हें भाष्यकारांपासून सांगत आलेले आहेत. आणि सत्तात्रैविध्य हें बाधाच्या तारतम्यावर उभें आहे, शब्दाच्या ओढाताणीवर नव्हे, असें वेदान्ती म्हणेल. आमचा मुद्दा जयापजयाचा नाहीं. वाद शास्त्रीय भूमीवर झाला, येवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

(७) स्वतःच्याच शंकेस उत्तर

गोरे १८६८ त डीकन आणि १८७० त प्रीस्ट झाले. त्याच १८६८ सालीं कलकत्त्यास त्यांचें एक लहान इंग्रजी पुस्तक निघालें. विषय : अनंत दंडाच्या सिद्धान्तावरील आक्षेपांचा विचार. वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, 'विनिर्णयां'तील अखेरचा आक्षेप तो हाच. तेवीस-चोवीस वर्षें जो प्रश्न मनांत राहिला, त्यास दीक्षेच्या वर्षीं लेखी उत्तर देणें त्यांस अवश्य वाटलें. बाप्तिस्म्याच्या पाण्यांत तो प्रश्न बुडाला नव्हता. सी. ई. गार्डनर यांनीं १९०० त प्रसिद्ध केलेल्या चरित्रावरूनही दिसतें कीं, शंका त्यांच्या मनांत उतारवयापर्यंत उठत असत, आणि त्या त्यांनीं लपविल्या नाहींत.

शंका येणें म्हणजे श्रद्धा नसणें, असा अर्थ कोणी करील. परंतु तो आमच्या शास्त्राचा अर्थ नव्हे. जैमिनि व बादरायण यांच्या सूत्रांवर ज्यांनीं अधिकरणें रचलीं त्यांनीं विषय, विशय म्हणजे संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय अशीं पांच अंगें सांगितलीं. त्यांत संशय हें दुसरें अंग आहे. संशयावांचून अधिकरणच उभें राहत नाहीं. गोऱ्यांचें आयुष्य हें असें एक लांबलेलें अधिकरण होतें.

(८) ग्रंथापासून परंपरेकडे

उत्तरायुष्यांत त्यांच्या विचारांत आणखी एक वळण आलें. ज्या प्रॉटेस्टंट वळणाच्या मिशनमध्यें त्यांनीं प्रथम शिष्यत्व घेतलें, तेथून ते इंग्लंडच्या चर्चमधील दुसऱ्या पक्षाकडे कलले. हा पक्ष ग्रंथाबरोबरच प्राचीन धर्मसभांचे निर्णय, विश्वासांगीकार आणि बिशपांची अविच्छिन्न परंपरा यांस मान देणारा. १८६६ त ऑक्सफर्डजवळ काउली येथें स्थापन झालेल्या सेंट जॉन मंडळाचे ते १८७६ च्या सुमारास उमेदवार साधक झाले. फादर गोरे हें नांव तेव्हांपासून रूढ झालें.

हें वळण कां आलें? एक उत्तर असें देतां येईल कीं, काउलीच्या मंडळींचें ब्रह्मचर्य, अपरिग्रह व नियमबद्ध उपासना यांत त्यांस संन्यासाश्रमाची ओळख पटली. हें संभवनीय आहे. परंतु आम्हांस दुसरें एक कारण अधिक मूलगामी वाटतें. ग्रंथ प्रमाण म्हटलें कीं लगेच पुढचा प्रश्न येतो : त्याचा अर्थ कोणी ठरवावयाचा? प्रत्येकानें आपापल्या बुद्धीनें ठरवावा म्हटलें तर तर्क पुनः शास्त्राच्या पुढें धांवूं लागला; आणि तें तर 'विनिर्णया'च्या पहिल्याच प्रतिज्ञेस सोडून झालें. भाष्यावांचून सूत्र आणि आचार्यावांचून भाष्य चालत नाहीं, हा संस्कार ज्याच्या हाडांत होता, त्यास केवळ ग्रंथावर थांबणें कठीण गेलें असावें. हें आमचें अनुमान आहे. परंतु त्यांच्या पहिल्या व शेवटच्या मतांस जोडणारा धागा दुसरा आम्हांस दिसत नाहीं.

त्यांच्याकडून विचार घेणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नांव पंडिता रमाबाईंचें. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि आपल्या मनाचे प्रश्न सुटण्यास गोऱ्यांच्या लेखनाचा उपयोग झाला, हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. ज्यानें गुरु न करतां ग्रंथ घेतला, त्याच्याकडे दुसरी एक संस्कृतज्ञ व्यक्ति शंका घेऊन आली, हा योग विलक्षण खरा.

(९) महाराष्ट्रांतील समकालीन

मुंबई इलाख्यांतील चित्र वेगळें होतें. तेथें वाद प्रथम मराठींत झाला : मोरभट्ट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा १८३१ चा वाद, आणि १८५७ चे विष्णुबोवा ब्रह्मचाऱ्यांचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील वादविवाद, हीं त्याचीं ठळक उदाहरणें. १८४३ त ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्रि, किंवा १८५४ त बेळगांव येथें बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी, हे इंग्रजी शाळेंतून या अध्ययनाकडे आले. इतिहास, भूगोल, पदार्थविज्ञान यांच्या शिक्षणानें पुराणांवरील श्रद्धा ढिली होणें, आणि मग बायबलाकडे वळणें, असा त्यांचा क्रम. गोऱ्यांचा क्रम भूगोलावरून नाहीं, प्रमाणविचारावरून आहे. म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'सारखी समाजचित्र रेखाटणारी कथा त्यांच्या हातून झाली नाहीं, आणि 'षड्दर्शनदर्पणा'सारखा ग्रंथ इकडे कोणाच्या हातून झाला नाहीं. १८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षीं त्याच नगरांत गोरे निवर्तले. शास्त्राच्या वाटेनें आलेला गेला व काव्याच्या वाटेनें येणारा आला, असें हें एकाच सालचें अंतर आहे.

(१०) पोथीची गति

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. 'षड्दर्शनदर्पण' छापला गेला, भाषांतरला गेला, वाचला गेला. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' मात्र हस्तलिखितांतच राहिला; उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेनें स. ल. कात्रे यांच्या संपादनानें तो १९५१ त प्रसिद्ध केला, तोंपर्यंत रचनेपासून शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. इतका काळ वाचकांपुढें केवळ उत्तरपक्ष होता. पूर्वपक्ष दप्तरांत बांधलेला. त्यामुळें गोऱ्यांविषयींच्या वरील दोन्ही समजुतींस मोकळें रान मिळालें. एक पोथी वेळेवर उजेडांत न आल्यानें एका पुरुषाचें अर्धें आयुष्य कसें झांकलें जातें, याचें हें उदाहरण आहे.

अशा पोथ्या मागें पडण्याचीं कारणें उघड आहेत. वादग्रंथ हा काव्य नव्हे, स्तोत्र नव्हे, पूजेंतही लागत नाहीं. कर्त्यानें पुढें धर्म बदलला असेल तर घरचे लोक ती पोथी दाखविण्यास संकोचतात, आणि नवीन धर्मबंधूंस ती नकोशी असते. दोन्ही घरांतून ती हद्दपार होते. त्यांत नांवाचा घोंटाळा. सूचिकारानें 'नीलकंठ' येवढेंच पाहून नोंद केली तर महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर, मयूखकार नीलकंठ भट्ट, किंवा ताजिकावर लिहिणारे नीलकंठ दैवज्ञ, यांपैकीं कोणाच्या तरी खात्यावर ती जमा होते. म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्या पोथीवर कर्ता नीलकंठ आहे आणि विषय शास्त्रनिर्णय किंवा मतखंडन आहे, तिचा आद्यन्त भाग उतरून घ्यावा, कागद गिरणीचा आहे कीं हातचा हें पाहावें, समासांतील टिपा दुसऱ्या हाताच्या असल्यास त्या वेगळ्या नोंदवाव्या, आणि संवत् किंवा शक जसाच्या तसा लिहावा. बांदा, झांशी, सागर, सिहोर व काशी येथील दक्षिणी घराण्यांच्या दप्तरांत अशीं पानें असण्याचा संभव अधिक. 'मतपरीक्षे'च्या तीन उत्तरांच्या नकला, आणि मिशनरी व पंडित यांच्यामधील हिंदी-संस्कृत शंकापत्रें, यांकडे विशेष लक्ष द्यावें.

धर्म कोणता खरा, याचा निर्णय इतिहाससंशोधकानें करावयाचा नसतो. परंतु एखाद्या पुरुषानें तो निर्णय करतांना आपल्या विद्येशीं प्रामाणिकपणा राखला कीं नाहीं, हें पुराव्यानें सांगणें हें त्याचें कर्तव्य आहे. नीलकंठशास्त्र्यांनीं तो राखला, आणि त्याचा पुरावा म्हणजे त्यांनींच परस्परांविरुद्ध लिहिलेले दोन ग्रंथ होत. दोन्ही आतां उपलब्ध आहेत. ते एकत्र वाचले जावेत.